मुलाला डिफेन्सिव्ह लाइनमन व्हायचंय? वजन वाढवण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा. डॅलसजवळ राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेत, खेळतो. उंची ६ फूट ३ इंच, वजन २३५ पौंड, म्हणजे १०७ किलोच्या आसपास. कोच म्हणतो की कॉलेजवाले बघायला येतील, पण पुढच्या मोसमापर्यंत २७० पौंड व्हायला हवं. ताई विचारतात, "या जागेवर खेळणाऱ्याचं पुढे नेमकं काय होतं? एनएफएलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगपर्यंत, कितीजण पोचतात, पैसा किती, किती वर्षं खेळतात, आणि नंतर काय? आम्हाला घरात क्रिकेटपलीकडे काही कळत नाही."

ताई, उत्तर लांबणार आहे. या जागेबद्दल टीव्हीवर जे दिसतं आणि आम्ही ट्रेनिंग रूममध्ये जे बघतो, त्यात फार अंतर आहे. मी मूळची कोल्हापूरची. फिजिओथेरपी शिकून इकडे आले, मास्टर्स केलं, आणि गेली २१ वर्षं मिडवेस्टमध्ये कॉलेज फुटबॉलला अॅथलेटिक ट्रेनर म्हणून काम करते. जिममधल्या ट्रेनरचं काम वेगळं. मी खेळाडूंचे घोटे आणि बोटं टेपने बांधते, कुणी पडला की सगळ्यात आधी मैदानात धावते, ऑपरेशननंतर त्याला पुन्हा उभं करते, आणि तो अजून तयार नसेल तर कोचसमोर 'नाही' म्हणते. यातली बरीच वर्षं माझ्या वाट्याला डिफेन्सिव्ह लाइनचीच मुलं आली. त्यातली थोडी एनएफएलमध्ये गेली, बहुतेक गेली नाहीत. दोन्हीकडच्या मुलांचे फोन अजून येतात.

आधी काम काय ते सांगते. चेंडू जमिनीवरून मागे जातो त्याला स्नॅप म्हणतात. त्या क्षणी हातभर अंतरावर समोरासमोर वाकून बसलेल्या दोन रांगा एकमेकींवर आदळतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांचे पाचजण, मोठ्या पातळीवर बहुतेक ३०० पौंडांच्या वरचे. तुमच्या मुलाच्या बाजूला तिघं किंवा चौघं. चार-सहा सेकंदांत सगळं संपतं. मग उठायचं, दम घ्यायचा, पुन्हा हात जमिनीला टेकून बसायचं. एका सामन्यात चाळीस-पन्नास वेळा हे चालतं, म्हणूनच कोच लाइनमन सतत आलटून पालटून उतरवतात.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. माझ्या आजोबांनी तालमीत अंग कमावलं होतं, त्यामुळे लहानपणी कुस्तीच्या गप्पा पोटभर ऐकल्या. इथे पहिल्यांदा लाइनचा सराव पाहिला तेव्हा वाटलं, ही तर कुस्तीच, फक्त मिनिटाच्या आत नव्याने लागणारी. ज्याची कंबर खाली, त्याची सरशी. पहिली लढाई हातांची असते: समोरच्याचे पंजे आपल्या छातीवर बसण्याआधी आपले त्याच्या छातीवर बसले पाहिजेत, अंगठे वर करून. मग डाव. त्याच्या काखेखालून हात उपसत निघायचं तो रिप, वरून हात फिरवून निघायचं तो स्विम, सरळ छातीवर रेटत मागे ढकलायचं तो बुल रश. मुलगा हिवाळ्यात शाळेच्या कुस्ती टीममध्ये जाऊ शकत असेल तर जरूर पाठवा. पाय, कंबर आणि हात यांची जी समज आखाड्यात येते ती वजनं उचलून येत नाही.

तरी नुसती कुस्ती पुरत नाही. गेबल स्टीव्हसनचं उदाहरण बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये १२५ किलो गटात सुवर्णपदक मिळवलेला हा पैलवान. एनएफएलच्या बफेलो बिल्स या टीमने २०२४ च्या मे महिन्यात त्याला डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणून घेतलं आणि ऑगस्टमध्ये सोडलं. त्याआधी तो फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. ताकद आणि चपळाई यांत त्याला तोड नसेल, पण कुस्तीत समोर एकच माणूस असतो. इथे एकाशी झोंबत असताना दुसरा बाजूने येऊन बरगडीत घुसतो, आणि चेंडू कुठे चाललाय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं असतं. ही नजर यायला वर्षं लागतात.

आता तुमच्या मुलाला विचारा, त्याला कुठे उभं करणार आहेत? डिफेन्सिव्ह लाइनमन हा एकच प्राणी नाही. समोरच्या पाचजणांत मधला तो सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. त्यावरून कोच जागांना आकडे देतात. समोरच्या सेंटरच्या नाकासमोर उभा राहणारा तो शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तो तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर तो पाच. शून्यावरच्या नोज टॅकलचं काम दोन माणसं अंगावर घेऊन जागा न सोडण्याचं. टँपा बे बकनीअर्सचा व्हिटा व्हेआ हे करतो, वजन ३४७ पौंड. मागचा लाइनबॅकर मोकळा सुटून धावणाऱ्याला पाडतो, नाव लाइनबॅकरचं होतं, आणि ज्याच्यामुळे तो मोकळा सुटला त्याचा आकडा कुठल्याच तक्त्यात येत नाही. मला व्यक्तिशः ही मुलं सगळ्यात आवडतात. दोन माणसं पेलून उठतात आणि काहीच न बोलता पुन्हा बसतात.

तीनच्या जागेवर आणि टोकाला, म्हणजे डिफेन्सिव्ह एंडला, वेग लागतो. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, त्याने तो फेकण्याआधीच पाडणं म्हणजे सॅक, आणि पैसा, प्रसिद्धी सगळी तिथे. हा शब्द रूढ केला तो लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सने. १९६१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला चौदाव्या फेरीत घेतलं होतं, आणि सॅकची अधिकृत मोजणी सुरू झाली १९८२ मध्ये, तो निवृत्त झाल्यावर. अधिकृत यादीत सगळ्यात वर ब्रूस स्मिथ आहे, १९ मोसमांत २०० सॅक. त्याच्या खाली रेजी व्हाइट, १९८. रेजी व्हाइटकडे मी पुन्हा येणार आहे, वेगळ्या कारणासाठी.

तुमच्या मुलाची आजची बांधणी टोकाच्या जागेची वाटते. टोकाला २५० पौंडांचा चपळ मुलगा उत्तम चालतो. २७० कशासाठी हवं, हे कोचने सांगायला हवं. शाळेच्या टीममध्ये मधल्या जागेला माणूस कमी आहे म्हणून तुमचा मुलगा जाड व्हायला नको.

कितीजण पोचतात? एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची संघटना, हे आकडे स्वतःच देते. शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या वर. एनसीएएच्या कॉलेजांत खेळणारी सत्तर हजारांच्या घरात, शंभरातली सातएक. त्यातून एनएफएलमध्ये शंभरातले दोनही जात नाहीत. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत २०२५ साली २५७ खेळाडू निवडले गेले, सगळ्या जागांचे मिळून. शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला उभंच राहता येत नाही, म्हणून जवळजवळ प्रत्येकजण कॉलेजमधूनच जातो.

या आकड्यांनी खचून जायचं कारण नाही, कारण खरी मिळकत त्या शंभरातल्या सातांत आहे. चार वर्षांचं शिक्षण फुकट किंवा अर्ध्या खर्चात होणं ही अमेरिकेत लहान गोष्ट नाही. डिव्हिजन थ्रीची, म्हणजे एनसीएएच्या तिसऱ्या गटातली, कॉलेजं आणि आयव्ही लीगमधली नामवंत कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण घरची परिस्थिती बघून मदत देतात, आणि चांगला खेळाडू असेल तर प्रवेशाचं दार जरा लवकर उघडतं. जुलै २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू जाहिरातीतून कमावू शकतात, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर मोठी कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षासाठी प्रत्येक कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्सची मर्यादा होती. त्यातला मोठा वाटा क्वार्टरबॅकसारख्या जागांकडे जातो. शिवाय कोच दोन वर्षांत दुसरीकडे निघून जातो आणि नवा कोच आपली माणसं आणतो. म्हणून मी प्रत्येक आईवडिलांना सांगते, उद्या गुडघा गेला तरी ज्या कॉलेजात मुलगा आनंदाने राहील आणि डिग्री पूर्ण करेल, तेच निवडा.

शाळेतले अंदाज किती चुकतात हेही सांगते, म्हणजे मोठ्या कॉलेजचं पत्र आलं नाही तर मुलगा मनाला लावून घेणार नाही. पिट्सबर्गचा अॅरन डोनल्ड बारा वर्षांचा असल्यापासून पहाटे साडेचारला उठून वडिलांबरोबर तळघरात वजनं उचलायचा. तरी शाळा संपताना मोजक्याच कॉलेजांनी विचारलं. ६ फूट १ इंच, या जागेसाठी बुटका. तो गावातल्याच पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीत गेला, २०१४ मध्ये रॅम्सने तेराव्या क्रमांकावर घेतला, आणि दहा मोसमांत तीन वेळा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणी सिनसिनाटीच्या क्वार्टरबॅकला धरून फिरवला तो हाच. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनला टाइट एंड म्हणून, म्हणजे आक्रमणातल्या एका जागेवर, खेळत होता. ते सोडून विस्कॉन्सिनला शिष्यवृत्तीशिवाय आला, मधल्या काळात पिझ्झा पोचवले, आणि २०११ मध्ये अकरावा निवडला गेला. जॉन रँडलला १९९० च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. पुढे १३७.५ सॅक काढून तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला.

पण या तिघांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. माझ्या एका मुलाची गोष्ट कुणाला माहीत नसेल, आणि बहुतेकांची तीच असते. ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही, तरी एका टीमने उन्हाळी शिबिराला बोलावलं. शिबिरात प्रत्येक टीमचे ९० खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या शेवटी ते ५३ वर आणावे लागतात. ३२ टीम, प्रत्येकी ३७, म्हणजे हजारावर माणसं दोन-चार दिवसांत घरी जातात. त्याला सकाळी बोलावणं आलं, येताना प्लेबुक, म्हणजे टीमच्या डावांची वही, घेऊन ये म्हणून. दुपारी विमानतळावरून मला फोन. रडत नव्हता. म्हणाला, हॉटेलच्या खोलीत बॅग कधी पूर्ण उघडलीच नव्हती, त्यामुळे आवरायला दोन मिनिटं लागली. पुढे दुसऱ्या एका टीमच्या प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे सरावापुरत्या ठेवलेल्या खेळाडूंत, त्याने काही आठवडे काढले. आज तो शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी लाइनला कोचिंग करतो.

पैशाचं सांगते. २०२५ मध्ये ५३ जणांत असलेल्या नवख्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर्स होता. प्रॅक्टिस स्क्वाडवरच्या नवख्याला आठवड्याला १३ हजार, तेही टीमने ठेवलं तेवढेच आठवडे. वरच्या टोकाला कॅन्सस सिटीचा क्रिस जोन्स आहे. २०१६ मध्ये दुसऱ्या फेरीत निवडलेला हा मधल्या जागेचा खेळाडू, २०२४ मध्ये त्याने पाच वर्षांचा १५ कोटी ८७ लाख डॉलर्सचा करार केला. बातम्यांतला असा मोठा आकडा बघून फसू नका. एनएफएलच्या करारातला सगळा पैसा हमीचा नसतो. सही करताना मिळालेला बोनस आणि हमीची रक्कम, तेवढंच आपलं. बाकीचं टीमला नको झालात की संपलं. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द तीन वर्षांहून थोडी जास्त सांगते, आणि पेन्शनचा हक्क मिळायला तीन मोसम भरावे लागतात. बरीच मुलं त्या उंबरठ्याच्या अलीकडे थांबतात.

आता शरीर. ट्रेनिंग टेबलवर लाइनमनचे हात बघितलेत तर पहिल्यांदा दचकाल. चौथ्या वर्षापर्यंत बोटं सरळ राहत नाहीत. मधलं बोट आणि अनामिका एकत्र बांधायची, सांध्याच्या वर एक वेढा, खाली एक, मधे सांधा उघडा, म्हणजे मूठ वळते. एका मुलाची दहा बोटं बांधायला मला सहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात त्याची आदली रात्र कशी गेली ते सगळं कळतं. खांदा, दंडाचे स्नायू, घोटा, गुडघा हे ओघाने आलंच. मानेच्या नसेला झटका बसतो, हात विजेसारखा जळतो आणि काही क्षण लुळा पडतो. मुलं हे लपवतात. तुमच्या मुलाला आत्ताच सांगून ठेवा, हात जळला की ट्रेनरकडे जायचं, कोचकडे नाही.

वॉटचं शरीर याचा नकाशाच आहे: २०१६ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया, २०१७ मध्ये गुडघ्याखालचं हाड मोडलं, २०१९ मध्ये छातीचा स्नायू फाटला, आणि २०२२ मध्ये हृदयाची लय बिघडली म्हणून विजेचा झटका देऊन ती जागेवर आणली. त्याच आठवड्यात तो सामना खेळला. लोकांनी कौतुक केलं. मी त्या रात्री टीव्ही बंद केला.

डोक्याचं वेगळं सांगायला हवं. बेशुद्ध पाडणारे आघात लाइनवर त्यामानाने कमी दिसतात, पण जवळजवळ प्रत्येक स्नॅपला डोकं कुठेतरी आपटतं. एकेक धक्का लहान, लक्षणं काही नाहीत, आणि मोसमाला असे शेकडो. सीटीई हा मेंदूचा आजार अशा साचत जाणाऱ्या धक्क्यांशी जोडला जातो. बोस्टन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये तपासलेल्या एनएफएलच्या १११ खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये तो सापडला. हे मेंदू बहुतेक त्रास झालेल्यांच्या घरच्यांनी दिलेले होते, त्यामुळे सगळ्यांनाच होतो असा अर्थ काढू नका. धोका साचतो तो वर्षांनी आणि धक्क्यांच्या संख्येने, एवढं मात्र धरून चाला. सरावातले धक्के कमी करणं कोचच्या हातात असतं. आठवड्यातून किती दिवस पूर्ण अंगावर जाऊन सराव घेता, हे त्याला विचारा. शिबिरातल्या सरावात लाइनमनच्या हेल्मेटवर मऊ टोपी घालणं एनएफएलने २०२२ पासून सक्तीचं केलंय. शाळेतही ती घालता येते.

टेक्ससमध्ये राहता, म्हणून उन्हाबद्दल. ऑगस्टचा सराव मोठ्या अंगाच्या मुलांना सगळ्यात घातक. मिनेसोटा व्हायकिंग्जचा लाइनमन कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ ला शिबिरातल्या उष्माघाताने गेला, वय २७. उष्माघातात मुलाला आधी तिथेच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. हा क्रम उलटा झाला तर जीव जातो. टब मैदानाशेजारी भरलेला असायला हवा. मी आजवर तीन मुलांना त्यात उतरवलंय, तिघंही चालत घरी गेले. त्यातला एक पाण्यात माझा हात इतका घट्ट धरून बसला होता की मनगटावर दोन दिवस वळ होते.

आणि आता वजन. खरं तर याचसाठी मी लिहायला बसले.

आमच्याकडे दर गुरुवारी सकाळी काटा असतो. वजन वाढवायचं असलेली मुलं काट्यावर चढण्याआधी गॅलनभर पाणी ढोसून येतात, पोट धरून उभी राहतात. रात्री दोनचा गजर लावून शेक पिणारा मुलगा मी पाहिलाय. दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी हे जेवण राहत नाही, ती ड्यूटी होते. एकजण मला म्हणाला होता, "भूक कशी लागते तेच विसरलोय." एनएफएलमध्ये तर ठरलेल्या वजनाच्या वर गेलं की दंड असतो. कमी पडलं तर दंड नाही, जागाच जाते.

हे सगळं खेळ चालू असताना चालून जातं, कारण तेवढं जळतं. आजोबांच्या बरोबरीचे दोन-तीन पैलवान मला आठवतात. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. दूध, तूप, बदाम तेवढेच, जोर-बैठका बंद. पन्नाशीत एकेकाला धाप लागायची, गुडघे धरून जिना चढायचे. लाइनमनचं अगदी तेच होतं, फक्त आकडे मोठे. अमेरिकेच्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेने १९५९ ते १९८८ च्या काळात किमान पाच मोसम खेळलेल्या ३,४३९ खेळाडूंचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष दिले. एकूण बघता हे खेळाडू सामान्य पुरुषांपेक्षा जास्त जगले. पण डिफेन्सिव्ह लाइनमनमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सामान्य पुरुषांपेक्षा ४२ टक्के जास्त निघालं. सगळ्या खेळाडूंमध्ये या एका जागेचं नाव त्यात वेगळं येतं.

रेजी व्हाइट डिसेंबर २००४ मध्ये गेला. वय ४३. हृदयाची लय बिघडली होती, फुप्फुसांचा जुना आजार होता आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार होता. मी तेव्हा नोकरीला नवीन होते. आमच्या टीममधल्या मोठ्या मुलांना दुसऱ्या दिवसापासून मी एकच प्रश्न विचारायला लागले, रूममेट म्हणतो का की तू घोरतोस? आजही विचारते.

ताई, यात आपल्या लोकांचा एक जादा हिशेब आहे. भारतीय वंशाच्या माणसाला मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावर आणि कमी वयात गाठतात. म्हणूनच इथे मधुमेहाची तपासणी गोऱ्या माणसाला बीएमआय २५ ला सुचवतात आणि आशियाई वंशाच्या माणसाला २३ ला. तुमच्या मुलाचा आज २९ च्या पुढे आहे, २७० पौंडांना तो ३४ ला टेकेल. खेळाडूच्या बाबतीत बीएमआय फसवा असतो, स्नायूही त्यात मोजले जातात. म्हणून कमरेचा घेर बघा. वजन वाढतंय आणि पँटचा आकडा तोच आहे, तर ठीक. सोळा वर्षांच्या मुलाने एका वर्षात ३५ पौंड वाढवले तर त्यातली बरीचशी चरबीच असणार. घरात कुणाला चाळिशी-पन्नाशीत झटका आला असेल, आजोबा, काका, मामा कुणीही, तर ते डॉक्टरांना मोसमाआधीच्या तपासणीत सांगा. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आत्ता एकदा करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करायला आकडा असेल. पावडरींचे डबे घरात आणायचेच असतील तर ज्यावर 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' असा शिक्का आहे तेवढेच. बाकीच्यात काय मिसळलंय सांगता येत नाही, आणि कॉलेजात गेल्यावर मुलगा चाचणीत अडकतो.

माझ्याकडे खेळ संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला मी शेवटच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांत बोलावते. वजन कसं उतरवायचं याचा वर्षभराचा आराखडा देते, कारण चार वर्षं आम्ही त्याला फक्त चढवायला शिकवलेलं असतं. पहिल्या काही वर्षांत मी हे करत नव्हते. त्या वर्षांतला एक मुलगा कॉलेज सोडल्यावर चार वर्षांनी भेटायला आला, ३१५ पौंड, रक्तदाब १६० वर १००. त्याला दोष कसा देऊ?

या जागेवर खेळून आयुष्य कसं घडवता येतं याचा माझ्या मनातला माणूस अॅलन पेज. ओहायोतल्या कँटनचा. तिथल्या हॉल ऑफ फेमच्या इमारतीच्या बांधकामावर त्याने मुलगा असताना काम केलं होतं. नोट्र डेममधून १९६७ मध्ये तो व्हायकिंग्जकडे पंधराव्या क्रमांकावर गेला. १९७१ मध्ये संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, बचावपटूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. खेळता खेळताच त्याने मिनेसोटा युनिव्हर्सिटीत कायदा शिकला आणि १९७८ मध्ये पदवी घेतली. त्याच सुमारास त्याला पळण्याची गोडी लागली आणि वजन २२५ पौंडांवर उतरलं. व्हायकिंग्जला ते पटलं नाही, त्यांनी त्याला सोडलं. शिकागो बेअर्सने घेतलं आणि तो १९८१ पर्यंत खेळला. १९८८ मध्ये त्याच कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९९३ पासून २०१५ पर्यंत तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होता. पुढची दशकानुदशकं तो पळत राहिला. मुलाला रेजी व्हाइटचे डाव दाखवा, डोनल्डचे हात दाखवा, आणि पेजबद्दल जेवताना सांगा.

मुलाला खेळू द्यायचं का, असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या आड तेच आहे. माझं मत, खेळू द्या, त्याला मनापासून आवडत असेल तर. पण या वर्षी २५० च्या पुढे नको, आणि तेही पँटचा आकडा न वाढवता. कोचला भेटाल तेव्हा चार गोष्टी विचारा. कुठल्या जागेसाठी २७० हवंय? आठवड्यात अंगावर जाऊन सराव किती दिवस? सरावाला अॅथलेटिक ट्रेनर रोज हजर असतो का? आणि बर्फाचा टब कुठे ठेवता, जरा दाखवता का? टब प्रत्यक्ष बघा, भरलेला आहे का तेही. शाळेतला ट्रेनर कोण आहे त्याच्याशी मुलाची ओळख असू द्या, आणि तपासणीचे आकडे आले की मला कळवा. मग वजनाचा आराखडा त्या ट्रेनरबरोबर बसून करता येईल.